लॅपटॉपची रॅम घरीच बदलायची आहे. झेपेल का?

सह्यकडा | ७ डिसेंबर २०२५, रात्री ९.१५

मंडळी, मी साताऱ्याजवळच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. स्क्रू ड्रायव्हरशी माझा संबंध मिक्सरचं झाकण आणि दिवाळीच्या माळा एवढाच.

लॅपटॉप २०१९ च्या अखेरीस घेतलेला आहे. रायझन ५ ३५००यू, ८ जीबी रॅम, आत एसएसडी. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद झाले म्हणून ११ टाकलं आणि तेव्हापासून मशीन धापा टाकतंय. निकालपत्रकाची एक्सेल, ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब, आणि त्यात ऑनलाइन लेक्चर सुरू झालं की सगळं जागच्या जागी थिजतं. मीसुद्धा. पोरांना माझा चेहरा तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठलेला दिसतो. त्याचे स्टिकर करून वर्गाच्या ग्रुपवर फिरवलेत, हे मला परवा कळलं.

दुकानदार म्हणाला, "सर, ठेवून जा चार दिवस, रॅम वाढवून देतो." परीक्षा तोंडावर असताना चार दिवस मशीन देणं शक्य नाही. भाचा म्हणतो, दहा मिनिटांचं काम आहे, घरी करा. भाचा बंगळुरूला असतो, म्हणजे बिघडलं तर निस्तरायला मीच.

१) माझ्यासारख्याला हे झेपेल का? २) ८ ची १६ करू की आणखी? ३) मागे असाच एक धागा होता असं आठवतंय, कुणाकडे दुवा असल्यास द्या.

कोपऱ्यातला | रात्री ९.३१

वाचतोय. माझंही हेच दुखणं आहे.

पैलतीर | रात्री ९.४८

सर, सरळ दुकानात द्या. थोड्या पैशांसाठी चांगलं चालतं मशीन पणाला लावू नये असं माझं मत. घरी उघडलं आणि बोर्ड गेला तर रॅमच्या दसपट खर्च.

निवांत_नाना | रात्री १०.०२

आमच्या वेळी विंडोज व्हिस्टात पेन ड्राइव्ह खोचून वेग वाढवायची सोय होती. रेडीबूस्ट म्हणायचे त्याला. मी ४ जीबीचा पेन ड्राइव्ह खोचला होता. लॅपटॉपचा वेग होता तेवढाच राहिला, पेन ड्राइव्हचा दिवा मात्र फार सुरेख लुकलुकायचा. ह. घ्या.

खटपट्या | रात्री १०.४०

@सह्यकडा, झेपेल. पण "८ ची १६" हा प्रश्न नंतरचा. आधी रॅमच कमी पडतेय का ते बघू. निम्म्या लोकांचा आजार वेगळाच असतो आणि ते रॅम घेऊन मोकळे होतात.

उद्या कॉलेजातून आल्यावर एवढं करा. नेहमीचं सगळं उघडा: एक्सेल, टॅब, मीटिंग. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि हे आकडे इथे टाका: वापरात किती, 'कमिटेड'समोरचे दोन आकडे, 'हार्डवेअर रिझर्व्हड', 'स्पीड', 'स्लॉट्स यूज्ड', 'फॉर्म फॅक्टर'. त्याच वेळी डिस्कचा आलेख किती टक्के दाखवतो तेही.

(मी लॅमिंग्टन रोडला नऊ वर्षं टेबलवर बसून हेच केलंय. आता स्वतःचं छोटं दुकान आहे, कुठे ते सांगत नाही, जाहिरात वाटायची.)

सह्यकडा | ८ डिसेंबर, संध्या. ६.२०

घ्या आकडे. वापरात ५.२ पैकी ५.९, ८८ टक्के. सॉरी, ५.९ पैकी ५.२. कमिटेड १०.८/१३.४. हार्डवेअर रिझर्व्हड २.१ जीबी. स्पीड २४००. स्लॉट २ पैकी २ वापरात. फॉर्म फॅक्टर: 'रो ऑफ चिप्स'. डिस्क मधूनच उसळते, मग खाली येते.

दोन गोष्टी कळल्या नाहीत. मी पैसे ८ चे मोजले, मग ५.९ च कशी? आणि दोन्ही स्लॉट भरलेले असतील तर नवी रॅम बसणार कुठे? म्हणजे विषय संपलाच ना?

खटपट्या | रात्री ९.१०

विषय संपला नाही, आता सुरू झाला.

२.१ जीबी कुठे गेली: तुमच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ते प्रोसेसरच्याच पोटात आहे. त्याला स्वतःची मेमरी नसते, म्हणून ते ग्राफिक्स मशीन सुरू होतानाच तुमच्या ८ मधले २ जीबी स्वतःच्या ताटात वाढून घेतं. काही लॅपटॉपच्या बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारा प्रोग्रॅम) हा आकडा कमी करता येतो, बऱ्याच मशीनमध्ये ती सोयच दिलेली नसते.

कमिटेड १०.८ म्हणजे चालू प्रोग्रॅमांनी मिळून एवढी जागा मागून ठेवली आहे. हातात ५.९. उरलेलं विंडोज एसएसडीवरच्या पेज फाइलवर (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा) भागवतं. मधूनच उसळणारी डिस्क म्हणजे हीच ने-आण. एसएसडी कितीही चपळ असली तरी रॅमपुढे बैलगाडी. तेव्हा तुमचं निदान पक्कं: रॅमच कमी आहे. (डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि रॅम अर्धी रिकामी असती तर मी म्हटलं असतं, रॅम विसरा, जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. हे इतर वाचणाऱ्यांसाठी.)

आता 'रो ऑफ चिप्स'. त्याचा अर्थ काही रॅम बोर्डवर डाक लावून पक्की बसवलेली आहे. ती निघत नाही. टास्क मॅनेजर तिलाही एक स्लॉट धरतो, म्हणून २ पैकी २. माझा अंदाज: ४ जीबी बोर्डवर आणि ४ जीबीची एक स्टिक, म्हणजे सुटी पट्टी, स्लॉटमध्ये. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एसपीडी या टॅबखाली स्लॉट निवडून बघा. कुठल्या जागी किती, कुणाची बनावट, सगळं दिसेल.

अंदाज बरोबर निघाला तर ती ४ ची काढून ८ ची घालायची, एकूण १२. किंवा १६ ची घालून २०.

सह्यकडा | रात्री ९.५५

अगदी तसंच निघालं! ४ + ४. सहा वर्षं वापरतोय आणि आत काय आहे हे आज कळतंय.

१२ घेऊ की २०? कुणीतरी म्हणालं की दोन्ही बाजू सारख्या नसल्या तर 'ड्युअल चॅनल' जातं.

खटपट्या | रात्री १०.३०

पूर्ण जात नाही. प्रोसेसर आणि रॅम यांच्यात दोन रस्ते असतात. तुमच्या डीडीआर४ (म्हणजे चौथ्या पिढीच्या) २४०० वेगाच्या रॅमला एका रस्त्याने सेकंदाला १९.२ जीबी, दोन्ही चालले तर ३८.४. आज ४ + ४ असल्यामुळे सगळी मेमरी दोन्ही रस्त्यांनी पळते. ४ + ८ केलं की दोन्हीकडचे ४-४ जोडीने धावतात आणि उरलेले ४ एकट्या रस्त्याने. ४ + १६ मध्ये जोडीचे ८ तसेच, एकटे १२. एक्सेलला याचा फरक कळणारही नाही. गेम खेळणाऱ्याला कळेल, कारण पोटातलं ग्राफिक्स याच रस्त्यांवर जगतं.

तुमचं कमिटेड ११ च्या आत आहे आणि त्यातलं सगळंच एका वेळी रॅममध्ये लागत नाही. १२ पुरे. भाव बघितल्यावर तुम्हीही १२ च म्हणाल.

हिशेबी | ९ डिसेंबर, सकाळी ८.०५

भावाचं बोलू नका. मे महिन्यात बायको म्हणत होती घेऊन टाका, मी म्हटलं दिवाळीच्या सेलमध्ये घेऊ. दिवाळीत बघतो तर आकडाच वेगळा. हे काय चाललंय नक्की?

ट्यूलिप | दुपारी १.१२

मी आइंडहोव्हनला असते, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या धंद्याच्या आसपास नोकरी आहे, तेवढ्यापुरतं सांगते. जगातली बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना एचबीएम नावाची थरावर थर रचलेली मेमरी लागते आणि तिथे पैसा भरपूर. कारखाने तेच, वेफर (चिप ज्यावर कोरतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) तेच. मग घरगुती मालाच्या वाट्याला उरतं काय! त्यात डीडीआर४ हा जुना प्रकार, तो बनवणं कंपन्या आवरतं घेतायत. मायक्रॉनने तर ३ डिसेंबरला जाहीरच केलं की क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करतोय, माल फेब्रुवारी २०२६ पर्यंत येत राहील.

म्हणून नवी मिळाली नाही तर जुन्या मशीनमधून काढलेली चांगली स्टिक घ्यायला लाजू नका. रॅममध्ये झिजणारा भाग नसतो.

अवांतर_आनंद | दुपारी १.४०

@ट्यूलिप, अवांतर विचारतो. ही बोर्डवर डाक लावून रॅम बसवायची अवदसा कुणाला आठवली? माझ्या २०१२ च्या मॅकबुक प्रोमध्ये (रेटिना नव्हे, साधा) मी स्वतः १६ जीबी घातली होती. त्याच वर्षी आलेल्या रेटिनावाल्यात मात्र पक्की.

ट्यूलिप | दुपारी ३.०५

नफा हे एक कारण, नाही म्हणत नाही. कारखान्यातून ८ ची १६ करून घेताना किती पैसे लावतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण दुसरं कारणही खरं आहे. एलपीडीडीआर ही कमी वीज खाणारी मेमरी फार वेगात चालते, आणि तेवढ्या वेगात प्रोसेसरपासूनचं अंतर आणि मधला जोड दोन्ही नडतात. स्लॉट म्हणजे जोड. फ्रेमवर्क ही कंपनी "सगळं तुम्ही स्वतः बदला" याच बोलीवर लॅपटॉप विकते, तिनेही २०२५ मधल्या डेस्कटॉपमध्ये रॅम पक्की लावली, कारण त्या एएमडी चिपसोबत सुटी रॅम हव्या त्या वेगात चालवता येईना.

मधला मार्ग निघालाय. कॅम२ नावाची पट्टी, स्लॉटमध्ये तिरकी न खोचता बोर्डवर आडवी ठेवून स्क्रूने आवळायची. डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या मेमरीची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने तिचं प्रमाण ठरवलं, २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१ मध्ये तिचा एलपीडीडीआर अवतार आला. पण आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायला अजून अवकाश आहे.

जुनं_सोनं | रात्री ८.२०

रॅमची साधी पट्टी घेताना माझ्यासारखा गाढवपणा करू नका, म्हणून लिहितो.

माझ्याकडे २०१४ चा लॅपटॉप, आय५ ४२००यू. डीडीआर३ लागते एवढं वाचलं, डीडीआर३ घेऊन आलो. २०४ पिना, खाच तिथेच, मस्त बसली. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळा. दुसरी आणली, तेच. दुकानदाराशी भांडून आलो. आठवड्याने लेबलं शेजारी ठेवून वाचली: मूळ स्टिकवर पीसी३एल, माझ्यावर नुसतं पीसी३. त्या 'एल'मध्ये सगळं आलं. 'एल'वाली १.३५ व्होल्टवर चालते, माझी १.५ व्होल्टची. चौथ्या पिढीचे ते लॅपटॉप प्रोसेसर १.३५ चीच मागतात. दुकानदाराची माफी मागायला गेलो, त्याने चहा पाजला.

त्याच मशीनवर आता लिनक्स मिंट आहे, आईची भजनं आणि माझी बिलं त्यावरच.

खटपट्या | रात्री ८.५०

लाख बोललात. म्हणून माझा सल्ला कायम एकच: खरेदीला जाण्याआधी मशीन उघडा आणि जुन्या पट्टीच्या लेबलचा फोटो काढा. पट्टी आधी आणि पेचकस नंतर, असं करणारेच फसतात.

लेबल वाचणं अवघड नाही. पीसी३, पीसी४, पीसी५ हे डीडीआरची पिढी सांगतं. पिढी बदलली की खाच आणि पिना बदलतात: डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२. त्यामुळे चुकीच्या पिढीची बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, ती तुम्हाला काहीतरी सांगतेय. पुढचा आकडा वेगाचा. कधी २४०० असा सरळ छापतात, कधी त्याला ८ ने गुणून १९२०० असा. घाबरू नका, एकच. तुमच्या २४०० च्या जागी ३२०० ची मिळाली तरी घ्या, ती २४०० वर उतरून चालेल. आणि 'एसओ-डिम' म्हणजे आखूड, लॅपटॉपची. डेस्कटॉपची लांब असते. तीही लोक घेऊन येतात हो, खोटं नाही सांगत.

वऱ्हाडी_ठसका | १० डिसेंबर, सकाळी ७.३५

सर, एक राहिलं बाप्पा. स्थिर वीज! आमच्या अकोल्यात थंडीत हवा इतकी कोरडी असते की सकाळी स्वेटर काढला की चटचट आवाज येते, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसते. आपल्याला तो झटका जाणवते तेव्हा साधारण ३,००० व्होल्ट तरी झालेले असतात. चिपला त्याहून पुष्कळ कमीत दुखापत होऊ शकते, अन् आपल्याला कळतही नाही. तर नायलॉनच्या सतरंजीवर बसून, स्वेटर घालून हे काम करू नका. लाकडी टेबल, सुती कपडे, अन् हात लावण्याआधी एखाद्या मोठ्या उघड्या धातूला, स्टीलच्या कपाटाला वगैरे, स्पर्श करा. पट्टी कडेनं धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका.

चौपाटी_नव्हे_चिवला | सकाळी ९.१०

आणि आमच्या मालवणात उलटं. इथे चटचट कसली, खारो वारो! होमस्टेच्या बुकिंगचा लॅपटॉप दोन पावसाळ्यांत ८ चे ४ जीबी दाखवायला लागला, मधेच आपोआप रिस्टार्ट. नवी रॅम घ्यायला निघालो होतो. एका मुलाने दोन्ही पट्ट्या काढल्या, दात शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने अलगद पुसले, भुगा ब्रशने झाडला, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला. पुन्हा ८. दहा मिनिटं आणि एक चहा.

खटपट्या | सकाळी ९.४०

खोडरबर चालतो, पण शेवटचा उपाय म्हणून आणि हलक्या हाताने. सोन्याचा थर फार पातळ असतो, घासघासून उडवू नका. आणि भुगा स्लॉटवर पाडायचा नाही, पट्टी बाहेर काढून लांब पुसायची.

पैलतीर | सकाळी १०.१५

मी दुकानात द्या म्हटलं होतं खरं, पण एक कबूल करतो. एका सर्व्हिस सेंटरला (नाव घेत नाही) लॅपटॉप की-बोर्डसाठी दिला होता. परत आला तेव्हा ८ च्या जागी ४ ची पट्टी. मला तीन महिन्यांनी कळलं, पुरावा काय देणार? तेव्हा घरी करा किंवा बाहेर द्या, आधी पट्टीवरच्या सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा.

सह्यकडा | १२ डिसेंबर, रात्री १०.०५

अपडेट. आज मशीन नुसतं उघडून पाहिलं, खटपट्यांच्या आज्ञेप्रमाणे. मागे दहा स्क्रू. ते वहीच्या पानावर लॅपटॉपचा नकाशा काढून, ज्या त्या जागी चिकटपट्टीने डकवले. (हे माझ्या आईचं, शिलाई मशीन उघडताना ती असंच करायची.) झाकण मात्र हलेना. जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने गेलो, प्रत्येक टिचकीला काळजाचा ठोका चुकत होता. आत रॅम दिसेचना! मग कळलं, ती पत्र्याच्या एका छोट्या झाकणाखाली आहे. लेबल: ४ जीबी, १आरएक्स१६, पीसी४-२४००टी. फोटो काढला, बंद केलं. मशीन सुरू झालं. हात अजून थरथरतायत, पण छान वाटतंय.

उद्या पुण्याला चाललोय, तपकीर गल्लीत चौकशी करतो.

खटपट्या | रात्री १०.२०

वहीचा नकाशा फर्स्ट क्लास. कारण स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात. आखूडच्या जागी लांब आवळला की तो वर की-बोर्डच्या बाजूला टेंगूळ काढतो.

जुनी पट्टी घेणार असाल तर परत करण्याची बोली आधी करा. चारी बाजूंनी बघा, सगळ्या चिपांवर एकाच कंपनीचा शिक्का हवा. आणि लॅपटॉपची बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) ४८ अंकी किल्ली आजच कागदावर उतरवून ठेवा. रॅम बदलल्याने ती सहसा मागत नाही, पण बॅटरी काढल्यावर बायॉस बिथरलं तर मागू शकते, आणि तेव्हा ती त्याच लॅपटॉपमध्ये असून उपयोग नाही.

सह्यकडा | १४ डिसेंबर, संध्या. ५.५२

मंडळी घात झाला!! ८ ची बसवली. बटण दाबलं, काहीच नाही. दिवासुद्धा नाही. फोनवरून लिहितोय. काय करू?

हिशेबी | संध्या. ५.५४

अरे देवा.

पैलतीर | संध्या. ५.५५

म्हटलं होतं मी.

खटपट्या | संध्या. ५.५८

शांत व्हा. बॅटरीचा जोड काढला होता ना? परत लावला का? आणि चार्जर लावलाय का? बॅटरी एकदा सोडवली की बरेच लॅपटॉप चार्जर जोडेपर्यंत जागेच होत नाहीत.

सह्यकडा | संध्या. ६.०४

चार्जर लावला. दिवा आला! पंखा फिरतोय. पण पडदा काळाच. तीन मिनिटं झाली.

खटपट्या | संध्या. ६.०६

नवी रॅम दिसली की मशीन तिची ओळखपरेड करतं, तिला मिनिट-दोन मिनिटं काळा पडदा चालतो. डीडीआर५ ला याहून जास्त. तुमच्या डीडीआर४ ला तीन मिनिटं जरा जास्तच झाली. बंद करा, चार्जर काढा, बॅटरी सोडवा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. मग पट्टीचा जवळून फोटो टाका.

सह्यकडा | संध्या. ६.१९

टाकला.

खटपट्या | संध्या. ६.२१

दिसलं. सोनेरी दात एका बाजूला जास्त बाहेर आहेत, दुसऱ्या बाजूला कमी. पट्टी तिरकी शिरलीय. भीत भीत ढकलली ना? दोन्ही बाजूंचे चिमटे बाहेर दाबा, ती आपोआप वर उसळेल. काढा. खाच जुळवून साधारण ३० अंशांत तिरकी धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत सारा, दात जवळपास दिसेनासे होईपर्यंत. त्यानंतरच खाली दाबायची. दोन्ही चिमट्यांचा 'टक्' ऐकू आला पाहिजे. एकच आला तर पुन्हा.

वऱ्हाडी_ठसका | संध्या. ६.२४

स्वेटर काढा पहिले!

सह्यकडा | संध्या. ६.४१

टक्. टक्.

सह्यकडा | संध्या. ६.४४

आला!!! एकदा स्वतःच रिस्टार्ट झाला, मग लोगो आला. १२ जीबी दाखवतोय!

कोपऱ्यातला | संध्या. ६.४५

टाळ्या. मी घरच्यांना वाचून दाखवत होतो. जेवण थांबलं होतं.

सह्यकडा | १५ डिसेंबर, रात्री ९.३०

आता निवांत लिहितो. रात्री मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन चालवलं. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात, त्या चारही पहाटेपर्यंत चुकीविना झाल्या. आज लेक्चर, एक्सेल आणि सगळे टॅब एकदम उघडे ठेवले: ९.९ पैकी ६.७ जीबी, ६८ टक्के. ग्राफिक्सने त्याचे दोन जीबी ताटात वाढून घेतलेच. लेक्चरमध्ये एकदाही गोठलो नाही. एका पोराने चॅटमध्ये लिहिलं, "सर आज हलतायत."

पट्टी जुनीच घेतली, दुसऱ्या मशीनमधून काढलेली. किती पडले ते लिहीत नाही, हा धागा घरात वाचतात. काढलेली ४ ची पट्टी दुकानदार मागत होता, दिली नाही. @कोपऱ्यातला, तुमच्या मशीनला चालत असेल तर कुरियर करतो.

खरं सांगायचं तर मला भीती रॅमची नव्हती, झाकणाची होती. त्या एटीएम कार्डाच्या टिचक्या.

आणि स्टाफरूममध्ये चूक केली, सांगून बसलो. उद्या दोघे लॅपटॉप घेऊन येतायत.

ट्यूलिप | १६ डिसेंबर, दुपारी २.१०

त्यांना आधी टास्क मॅनेजर उघडायला लावा. एखाद्याचा सगळा 'रो ऑफ चिप्स' निघाला तर पेचकस उचलायचाच नाही.

सह्यकडा | रात्री ८.४५

एकाचा तसाच निघाला. स्लॉटच नाही. त्याला ब्राउझरची चाळीस टॅब बंद करायला सांगितली, तर चिडला माझ्यावर.

निवांत_नाना | रात्री ९.००

पेन ड्राइव्ह खोचून द्या त्याला. दिवा छान दिसतो.

खटपट्या | रात्री ९.१५

सर, एक विचारायचं राहिलं. मागे दहा स्क्रू होते ना? फोटोत झाकणावर मला नऊच दिसतायत.

सह्यकडा | रात्री ९.५०

दहावा वहीच्या पानालाच चिकटून राहिला होता. ते पान मी आज वर्गात हजेरी घ्यायला नेलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने आणून दिला: "सर, हे तुमचं का?"